इन्क्लुझिव्ह यूएक्स रिसर्चमध्ये करिअर करायचंय? आधी हे काम नेमकं काय असतं ते बघू

बँकेचं खातं घरबसल्या उघडायला गेलात की मोबाईल म्हणतो, कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकवा. समोर कुणी फोटो धरलेला नाही, खरंच जिवंत माणूस बसलाय हे तपासायची ती पद्धत. आता ज्या बाईवर ॲसिड हल्ला झालाय, डोळ्यांना इजा झाल्यामुळे पापणी मिटतच नाही, तिने काय करायचं? २०२३ मध्ये एका बाईंचं केवायसी ह्याच कारणाने अडलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, सोबत एका अंध वकिलांचीही याचिका होती, आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. वर २० निर्देश दिले. त्यातला एक असा की नवीन ॲप किंवा नवीन फीचर आणताना युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंगमध्ये अंध व्यक्तींना सामील करून घ्या.

तो मिचकवायचा स्क्रीन बनवणारी टीम काही दुष्ट नव्हती. त्यांनी टेस्टिंगही केलं असणारच, फक्त टेस्टिंगला जे जे बसले त्या सगळ्यांना डोळे मिचकवता येत होते. इन्क्लुझिव्ह यूएक्स रिसर्च हा सगळा प्रकार इथून सुरू होतो: कुणाला बोलावलं आणि कुणाला बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ह्या फील्डमध्ये येऊ का, कुठला कोर्स करू, असं बरेच जण विचारतात, आणि बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा असतो. माझं मत असं की सर्टिफिकेट नंतर बघता येतं, ही माणसं बोलवायची कला आधी शिका.

थोडं मागून सांगतो. यूएक्स म्हणजे युजर एक्सपीरियन्स, वापरणाऱ्याचा अनुभव. यूएक्स रिसर्च म्हणजे एखादं ॲप, वेबसाईट किंवा मशीन लोक खरं कसं वापरतात, कुठे अडतात, का अडतात हे शोधणं. म्हणजे मुलाखती घ्यायच्या, शेजारी बसून बघायचं, सर्व्हे करायचे आणि जे सापडलं ते टीमला अशा पद्धतीने सांगायचं की काहीतरी बदलेल. डिझायनर स्क्रीन बनवतो, रिसर्चर ते बनवण्याआधी आणि बनवल्यावर माणसांकडे जातो. ॲक्सेसिबिलिटी ऑडिटर हा आणखी वेगळा प्राणी, तो नियमांची यादी घेऊन बसतो, फोटोला वर्णन आहे का, रंगांमधला फरक पुरेसा आहे का, नुसत्या कीबोर्डवर काम होतं का. ही यादी म्हणजे डब्ल्यूसीएजी, जगभर वापरतात, सध्याची आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ऑडिटमध्ये शंभर टक्के पास झालेलं ॲपसुद्धा अंध माणसाला वैताग आणू शकतं, कारण प्रत्येक बटनाला नाव आहे पण ती चाळीस बटनं एकामागून एक ऐकत बसायची कुणी? हे यादीत सापडत नाही, माणसाशेजारी बसल्यावरच सापडतं.

आणि इन्क्लुझिव्ह म्हणजे फक्त दिव्यांग असंही समजू नका. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायका घ्या किंवा ऊसतोड कामगार, हातांनी राबून राबून बोटांचे ठसे झिजतात, मग रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही. वय, शिक्षण, भाषा, जुना फोन, घरात एकच मोबाईल आणि तो मुलाच्या हातात, हे सगळं ह्यातच येतं. मायक्रोसॉफ्टने त्यांच्या इन्क्लुझिव्ह डिझाईनच्या साहित्यात एक मांडणी लोकप्रिय केली, कायमची अडचण, तात्पुरती अडचण आणि प्रसंगापुरती अडचण, म्हणजे एक हात नसलेला माणूस, हाताला प्लास्टर असलेला माणूस आणि कडेवर बाळ घेतलेली आई. मॅनेजरला पटवायला हे एकदम भारी आहे. पण मी बघतो की टीम मग कडेवर बाळ घेतलेल्या आईवरच थांबते, कारण ती शोधायला सोपी, ऑफिसमध्येच सापडते. प्लास्टर सहा आठवड्यात निघतं हो. ज्याचं निघणार नाही त्याला बोलवायचा कंटाळा करायला ही मांडणी वापरू नका.

आकडे सांगायचे तर २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या साधारण २.२ टक्के, त्यातले महाराष्ट्रात २९ लाखांच्या वर. पण तेव्हाचा कायदा १९९५ चा होता आणि त्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले, त्यात डिस्लेक्सियासारख्या शिकण्याच्या अडचणी, ऑटिझम, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यातले पीडित असे बरेच आले. म्हणजे "आपले युजर दोन टक्केच" असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं तर तो आकडा जुना तर आहेच, वर अपुराही आहे, एवढं सांगायला विसरू नका.

आता प्रत्यक्ष काम. एक सेशन सांगतो. पूर्ण अंध असलेले एक काका, पन्नाशीतले, स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक लावून एका ॲपमधून बिल भरत होते. टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारी सोय, फोनमध्ये आधीपासून असते. ओटीपीपर्यंत सगळं झकास. मग मेसेज आला आणि फोनने वाचलं, "चार लाख एकवीस हजार सातशे छत्तीस." सहा सुटे आकडे नाही, पूर्ण संख्या! काका मेसेजमध्ये गेले, एकेक अक्षर ऐकायची सेटिंग लावली, ४-२-१-७-३-६ तोंडाने पुटपुटत परत ॲपमध्ये आले तर वेळ संपलेली. पुन्हा ओटीपी मागवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी काय केलं तर मुलीला हाक मारली, "बाळा, जरा ये गं," आणि आम्हाला म्हणाले, "हे असं रोजचंच आहे, तुम्ही लिहू नका." आम्ही अर्थातच लिहिलं, त्यांना विचारून. टीमच्या डॅशबोर्डवर हे व्यवहार कसे दिसत होते माहितीये? यशस्वी. बिल भरलं गेलं होतं ना. त्या यशस्वीमध्ये मुलगी लपलेली होती, आणि आपलं बिल आपण भरायचं हे जे काकांना हवं होतं ते झालंच नव्हतं. डेटा टीम कितीही हुशार असली तरी हे तिला दिसणार नाही.

असं सेशन घ्यायचं म्हणजे नेहमीची पद्धत जशीच्या तशी चालत नाही, आणि खरं शिकण्यासारखं इथेच सगळ्यात जास्त आहे. यूएक्समध्ये सगळ्यांना पहिल्यांदा शिकवतात ते थिंक अलाऊड, वापरता वापरता मनात काय चाललंय ते मोठ्याने बोला. स्क्रीन रीडरवाल्या, म्हणजे टॉकबॅकसारखी बोलणारी सोय वापरणाऱ्या माणसाला हे सांगितलंत की फोनही बोलतोय, तोही बोलतोय, तुम्हीही मध्ये मध्ये विचारताय, नुसता गोंधळ. मग आधी काम शांतपणे करू द्यायचं आणि नंतर रेकॉर्डिंग परत ऐकत "इथे तुम्ही थांबलात, काय झालं होतं?" असं विचारायचं. त्यांचा स्क्रीन रीडर इतक्या वेगात बोलतो की नवख्या माणसाला अक्षर कळत नाही, तर वेग कमी करायला सांगू नका, तो त्यांचा नेहमीचा वेग आहे, रेकॉर्डिंग तुम्ही नंतर हळू करून ऐका. फोनही त्यांचाच हवा. लॅबमधला चकचकीत फोन हातात दिला की तुम्ही ॲप नाही, नवा फोन टेस्ट करताय. फिग्मा ह्या डिझाईनच्या टूलमध्ये केलेला प्रोटोटाईप, म्हणजे ॲपचा कच्चा नमुना, स्क्रीन रीडरने धड वाचला जाईलच असं नाही, त्यामुळे बऱ्याचदा साध्या एचटीएमएलमध्ये चार पानं बनवून घ्यावी लागतात, त्यासाठी डेव्हलपरशी गोड बोलावं लागतं, ते पण स्किलच आहे.

कर्णबधिर लोकांबरोबर काम वेगळं. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा लागतो, त्याचे पैसे बजेटमध्ये धरावे लागतात, प्रश्न त्याला आधी पाठवावे लागतात म्हणजे "ऑटोपे"सारख्या शब्दांना काय खूण करायची हे तो आधीच ठरवतो. बोलताना समोरच्या माणसाकडे बघायचं, दुभाष्याकडे नाही. हात खुणा करण्यात गुंतलेले असतात त्यामुळे फोन वापरणं आणि सांगणं एका वेळी होत नाही, इथेही आधी करा मग बोलू. आणि "त्यांना वाचता येतं ना, मग लेखी सर्व्हे पाठवू" हा शॉर्टकट टाळा, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांसाठी सांकेतिक भाषा पहिली आणि लेखी मराठी दुसरी असते, ज्या भाषेत आपण कच्चे त्या भाषेत आपण किती मनमोकळं लिहिणार?

आजी-आजोबांचं तर विचारूच नका. ॲपमध्ये सात वेळा अडलेल्या आजी शेवटी म्हणतात, "छान केलंय हो तुम्ही, माझंच चुकलं असेल, आम्हाला कुठे एवढं कळतं." रेटिंग विचारलं तर पाचपैकी पाच. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात, आता तुमच्या तोंडावर वाईट कसं बोलायचं? म्हणून अशा ठिकाणी मत विचारत बसण्यात अर्थ नसतो, काम करताना बघायचं आणि "तुमच्या मैत्रिणीला हे शिकवायचं तर काय सांगाल?" असं काहीतरी विचारायचं, मग खरं बाहेर पडतं. शेजारी बसलेला मुलगा किंवा सून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देते हा आणखी एक हमखास प्रकार, त्यांना दुसऱ्या खोलीत वेगळा इंटरव्ह्यू घेतो म्हणून बसवायचं, सगळे खूश.

मराठी वापरणाऱ्यांचे म्हणून काही खास घोळ आहेत जे बाहेरच्या देशातल्या कोर्समध्ये कुणी शिकवत नाही. आपल्याकडे कितीतरी फॉर्म आणि सूचना जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप करून पीडीएफ केलेल्या असतात, डोळ्याला छान मराठी दिसतं आणि स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी वाचतो, कारण आत तेच साठवलेलं असतं. कागद स्कॅन करून टाकला असेल तर तेवढंही नाही, गप्प. पेजच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे लिहिलेलं नसेल तर भलत्याच भाषेचा आवाज मराठी वाचायला लागू शकतो, हा डब्ल्यूसीएजीमधला अगदी पहिल्या पातळीचा नियम आहे, दुरुस्ती एका ओळीची. फोनचा फॉन्ट मोठा केला की वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, कारण ओळीची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवलेली. असले तीन-चार शोध पोर्टफोलिओत पुराव्यासकट असले की इंटरव्ह्यू घेणारा सावरून बसतो.

आता माणसं आणायची कुठून. अंधांसाठी काम करणाऱ्या मुंबईतल्या नॅब आणि सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी, पुण्यातली पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, कर्णबधिरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, अशा संस्थांशी ओळख करून घेता येते. पण घाईत फोन करून "उद्या पाच अंध पाहिजेत" असं म्हणायचं नसतं, ऐकायला विचित्र वाटेल पण लोक असे फोन करतात. आणि संस्थेतून येतात ते पुन्हा पुन्हा तेच, इंग्रजी येणारे, टेक्नॉलॉजीत तरबेज, शहरातले. ते शंभर रिसर्चना बसून आलेले असतात, त्यांना जे जमतं ते बीडमधल्या नुकता स्मार्टफोन घेतलेल्या मुलीला जमेलच असं नाही. म्हणून पहिले दोघं-तिघं मिळाले की त्यांच्या ओळखीतून पुढचे, मुद्दाम बायका, मुद्दाम लहान गावातले, मुद्दाम मराठी आवाज लावणारे, असं वाढवत जायचं. वेळ जातो. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये रिक्रूटमेंटला, म्हणजे ही माणसं शोधून आणायला, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ मागा आणि मागताना लाजू नका.

मानधन सगळ्यांना सारखं, वेळेवर आणि पैशात. सोबत मदतीला कुणी येत असेल तर त्याचा प्रवासखर्चही. शाल-श्रीफळ, कंपनीचा मग आणि "तुमच्यामुळे आम्हाला प्रेरणा मिळाली" हे भाषण अजिबात नको. संमतीपत्र स्क्रीन रीडरला वाचता येईल असंच हवं, स्कॅन केलेल्या कागदावर अंध माणसाचा अंगठा घेणं ही संमती नव्हे. व्हिडिओ कुणाकुणाला दाखवणार हे स्पष्ट विचारा, कारण दिव्यांगत्वाची माहिती ही आरोग्याइतकीच खासगी असते आणि ती क्लिप ऑफिसच्या ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही.

रिपोर्टचं थोडक्यात. पाच माणसांवरून टक्केवारी काढू नका, "६० टक्के अंध युजर्स" असं पाचपैकी तिघांना म्हणणं हास्यास्पद आहे. कोण पूर्ण अडलं, कोण दुसऱ्याच्या मदतीने पार पडलं, कोण नुसतं रखडलं, हे वेगवेगळं सांगा. यूएक्समध्ये पाच युजर पुरतात हे वाक्य सगळे फेकतात, पण ते साधारण सारख्या युजर्सबद्दल आहे. एक अंध, एक कर्णबधिर, एक वयस्कर, एक व्हीलचेअरवाला आणि एक डिस्लेक्सियावाला मिळून "पाच" होत नाहीत, ते पाच वेळा एक होतात.

मग शिकायचं काय आणि कुठून. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी उभा केला, तो उतरवून घ्या आणि रोज अर्धा तास माऊस बाजूला ठेवून वापरा, फोनवर टॉकबॅक. पण डोळ्याला पट्टी बांधून एक दिवस काढला म्हणजे अंधत्व कळलं असं नाही, तुम्हाला फक्त नवशिक्याची चिडचिड कळते, वीस वर्षं तसं जगलेल्या माणसाची सफाई नाही. हे टूल शिकण्यापुरतं. डब्ल्यूसीएजीमधले ए आणि डबल ए पातळीचे नियम वाचा, कंटाळवाणे आहेत, पण ४.५ ला १ चा काँट्रास्ट (अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा फरक) म्हणजे काय हे येत नसेल तर डेव्हलपर तुम्हाला गंभीरपणे घेणार नाही. आयएएपी नावाच्या ॲक्सेसिबिलिटीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सीपीएसीसी परीक्षा आहे, सुरुवातीची, ऑडिटकडे जाणाऱ्यांना ती जास्त उपयोगी. आयआयटी मुंबईचं आयडीसी किंवा अहमदाबादचं एनआयडी अशा डिझाईन कॉलेजात जायला मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तरी दार बंद नाही. मानसशास्त्र, समाजकार्य, विशेष शिक्षण, ऑक्युपेशनल थेरपी इथून आलेले लोक ह्या कामात डिझाईनवाल्यांपेक्षा लवकर रुळतात असा माझा अनुभव, कारण त्यांना माणसासमोर गप्प बसता येतं.

तुम्ही स्वतः दिव्यांग असाल तर आणखी एक. कंपन्या तुम्हाला कायम पार्टिसिपंट म्हणून किंवा टेस्टर म्हणून बोलावतील, रिसर्चरच्या खुर्चीत बसवायला का कू करतील. "आमचं व्हाईटबोर्डचं टूल स्क्रीन रीडरला चालत नाही" हे कारण मिळेल, आणि ते टूल खरंच चालत नाही, पण एक्सेल शीट चालते ना. मागायचं. रिसर्चमध्ये प्रश्न कोण ठरवतं ह्यावर सगळं असतं आणि त्या जागेवर दिव्यांग माणसं आज फार थोडी आहेत.

पोर्टफोलिओसाठी दहा ॲप्सचे रीडिझाईन नको, एकच प्रोजेक्ट नीट करा. घरपट्टी भरायची साईट, एसटीचं तिकीट, कॉलेज प्रवेशाचा फॉर्म, काहीही रोजचं. तीन-चार माणसं, ती कशी शोधली, कुणी नाही म्हटलं, पद्धतीत काय बदल केला, काय सापडलं, आणि त्यावर काय सुचवलं. रिक्रूटमेंट कशी केली हे मी सगळ्यात आधी वाचतो, ते पान नसेल तर पुढचं बघायची इच्छा कमी होते, खरं सांगतो.

नोकऱ्या "इन्क्लुझिव्ह यूएक्स रिसर्चर" ह्या नावाने शोधाल तर आपल्याकडे फारशा मिळणार नाहीत. यूएक्स रिसर्चर, डिझाईन रिसर्चर, ॲक्सेसिबिलिटी स्पेशालिस्ट असं शोधा. मागणी कुठून येतेय ते बघा: सेबीने ३१ जुलै २०२५ ला सर्क्युलर काढून ब्रोकर, म्युच्युअल फंड अशा सगळ्यांना ॲप आणि साईट दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला सांगितलं, युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला त्यामुळे तिकडच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पुणे, बंगळुरू, हैदराबादच्या कंपन्यांना हालचाल करावी लागतेय, सरकारी साईट्ससाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयएस १७८०२ हे ॲक्सेसिबिलिटीचं भारतीय मानक आहे. मुंबईत बॅरियरब्रेकसारख्या निव्वळ ॲक्सेसिबिलिटीवर काम करणाऱ्या कंपन्याही आहेत. यातलं बरंचसं काम सुरुवातीला ऑडिटचंच मिळेल, घ्या, आत गेल्यावर "रिपोर्ट पाठवण्याआधी दोन युजर्सना दाखवूया का?" असं म्हणत म्हणत रिसर्च उभा करता येतो, बऱ्याच जणांनी तसाच केलाय.

कोर्टाने टेस्टिंगमध्ये सामील करा म्हटलंय ते चांगलंच, पण ते युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणजे ॲप तयार झाल्यावरची शेवटची तपासणी, तेव्हा "डोळे मिचकवण्याऐवजी दुसरं काहीतरी द्या" म्हटलं तर उत्तर येतं की पुढच्या रिलीजला बघू. म्हणून इंटरव्ह्यूमध्ये तुम्हीही विचारा, रिसर्चर प्रोजेक्टमध्ये कधी येतो, रिक्रूटमेंटचं आणि दुभाष्याचं बजेट कुठल्या खात्यातून जातं, मागच्या रिसर्चमुळे बदललेली एक गोष्ट दाखवता का. बजेटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर समजा की पहिलं वर्ष ते बजेट मिळवण्यातच जाणार आहे, आणि पगाराचं बोलताना ते धरून बोला.